रिकाम्या थडग्याचा धनी

आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि शब्दही साधेच आहेत. मी पिठाच्या गिरणीवर असतो. बोलणं मला जमत नाही. चार माणसांत उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. पण परवा झोपताना थोरल्या भावाच्या पोरांनी, ईश्वरीनं आणि बापूनं, मला एक प्रश्न विचारला. सरळ उत्तर देता येईना. मग ही गोष्ट सांगितली, लहानपणी आजी सांगायची त्या चालीवर. गोष्ट ग्रीस देशातल्या फार जुन्या लोकांची आहे. त्यांचे देव आणि त्यांचं मरण यांबद्दल जे इकडून तिकडून वाचलं होतं ते यात आहे, बाकीचं माझ्या पदरचं. सांगितली तशीच लिहितो. पोरांचा प्रश्न शेवटी येईल.

तर ऐका. पाय पांघरुणात घ्या. बापू, भिंतीकडं सरक.

एक होतं बेट. चहूकडं निळा समुद्र, मधे दगडधोंडे, दगडांत ऑलिव्हची झाडं आणि झाडांत मूठभर घरं. त्यातल्या एका घरात मिर्तो नावाची मुलगी राहायची. घरात आई होती, फिलीना. मोठा भाऊ होता, दामोन. बाप नव्हता. दामोन समुद्रात बुडी मारून तळातून स्पंज काढायचा. दुकानात मिळतो तो नव्हे बरं का, खरा स्पंज समुद्रात वाढतो, आणि तो काढायला छातीत दम लागतो.

मिर्तो होती रागीट. आई सांगायची, ही जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. दामोन तिला तिखटे म्हणायचा. कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "काय तिखटे, आज कुणाला खाल्लंस?" मग ती त्याला ओला स्पंज फेकून मारायची. असं त्यांचं चालायचं.

एकदा काय झालं, दामोन दूरच्या बेटांकडं बोटीनं गेला आणि वादळ झालं. काही दिवसांनी बोटीची एक फळी किनाऱ्याला लागली. माणूस आला नाही. एक हिवाळा गेला. दुसरा गेला. तरी आला नाही.

आता त्या लोकांची समजूत नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते म्हणायचे, माणूस मेला की त्याचा जीव शेवटच्या श्वासाबरोबर धुरासारखा बाहेर पडतो आणि जमिनीखाली हेडीसच्या राज्यात जातो. आपल्याकडं यमराज, तसा त्यांचा हेडीस. फक्त हा रेड्यावर बसून कुणाला न्यायला येत नाही. ते काम हर्मीस नावाच्या देवाचं. त्याच्या वहाणांना पंख असतात आणि हातात काठी असते. खाली ना सुख, ना दुःख. राखाडी फुलांचं माळरान आहे, त्यावर मेलेल्यांच्या सावल्या फिरतात आणि वटवाघळांसारख्या चिरचिरतात. पण तिथं पोचायलासुद्धा वरच्या माणसांकडून मूठभर माती मिळावी लागते. ज्याला माती मिळाली नाही, तो दाराबाहेरच राहतो. ना इकडचा, ना तिकडचा, आणि कायमचा तहानलेला.

फिलीनाला रोज हेच दिसायचं. पाण्याचा पेला तोंडाशी नेला की ती खाली ठेवायची. म्हणायची, माझं पोर तिकडं तहानेनं फिरत असेल आणि मी कशी पिऊ.

मग देवळाचा पुजारी थेरसांद्र तिच्याकडं आला. म्हाताऱ्यानं तिला समजावलं की देह नसला तरी उपाय आहे. किनाऱ्यावर उभं राहायचं आणि त्याच्या नावानं तीन हाका मारायच्या. जीव जिथं असेल तिथून येतो. मग त्याचं एक वस्त्र पुरायचं, वर दगड उभा करायचा, दूध आणि मध ओतायचा. म्हणजे तो सुटला.

तसं केलं. सगळं गाव आलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं बरं का, सगळे रडत होते. फिलीनानं केस कापून थडग्यावर ठेवले. समुद्राकडं तोंड केलं आणि हाक मारली. दामोन. मग परत, दामोन. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटेना, तरी तिनं मारली. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर पाणी प्यायली.

मिर्तोनं मात्र केस कापले नाहीत. तो मेलेला मी पाहिला नाही, म्हणाली. बायकांनी समजावलं, थेरसांद्र रागावला, आईनं हात जोडले. ती ऐकेना. लांब केसांची वेणी घालून गावभर फिरायची आणि कुणी बघितलं की त्याच्याकडं उलट बघायची.

मग वसंत आला. वसंतात त्यांच्याकडं एक सण असायचा. सणाच्या दिवसांत मेलेले वर येतात आणि आपापल्या गावातून हिंडतात, असं ते मानायचे. मेलेले घरात शिरू नयेत म्हणून दारांना डांबर फासायचे. काटेरी झाडाची पानं चघळायचे. तिसऱ्या दिवशी घरात असतील तेवढ्या सगळ्या धान्यांचं एक मडकं शिजवायचे आणि दाराबाहेर ठेवायचे. ते मडकं हर्मीसचं आणि मेलेल्यांचं. जिवंत माणसानं त्यातला दाणा चाखायचा नाही. आणि संध्याकाळ झाली की घराघरांतून आवाज द्यायचे, निघा आता जिवांनो, सण संपला.

तर त्या तिसऱ्या दिवशी, नेमक्या संध्याकाळी, किनाऱ्यावर एक माणूस उतरला. दाढी छातीपर्यंत, अंगावर मिठाचे पांढरे डाग, पोट पाठीला लागलेलं. तो दामोन होता.

मेला नव्हता तो. बोट फुटली तेव्हा एका ओसाड खडकावर जाऊन पडला होता. शिंपले खाऊन, खळग्यातलं पावसाचं पाणी पिऊन जगला. शेवटी एका गलबतानं त्याला पाहिलं आणि बेटाजवळ आणून सोडलं. तो धावत घराकडं आला. दाराला डांबर. त्यानं दार वाजवलं. कुणी उघडेना. पायाशी मडकं होतं, त्यातून वाफ येत होती. गहू, जव, वाटाणे, सगळं शिजलेलं. सण त्याच्या ध्यानातही नव्हता. तो बसला आणि दोन्ही हातांनी खायला लागला.

शेजारणीनं खिडकीतून पाहिलं आणि किंकाळी फोडली. मेलेल्यांचं मडकं खाणारा दाढीवाला, आणि तोही स्वतःच्याच दारात. मग गावभर आवाज उठला, निघा जिवांनो, सण संपला, निघा. कुणीतरी दगडही मारला.

आणि दाराच्या आतून त्याची आई बोलली. अगदी हळू बोलली.

"दामोन, बाळा, मी दूध-मध घातलाय रे तुझ्या दगडावर. आता जा. नीज."

"आई, मी जिवंत आहे. दार उघड. भूक लागलीय."

आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मिर्तो मागच्या खिडकीतून उडी मारून धावत पुढं आली. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दाढी ओढून पाहिली, आणि मग त्याच्या छातीवर बुक्के मारायला लागली. दोन हिवाळे, म्हणाली, दोन हिवाळे कुठं मेला होतास. दामोन दमला होता, तरी हसला.

"काय तिखटे," म्हणाला, "आज कुणाला खाल्लंस?"

झालं. तिला आणखी पुरावा नको होता.

पण गावाला हवा होता. सकाळी देवळासमोर सगळे जमले. थेरसांद्र पायरीवर उभा राहिला. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मिर्तोला सोपं गेलं असतं. तो नियमाचा माणूस होता. त्यानं शांतपणे सांगितलं की याच्या नावानं हाका मारल्या आहेत, याचं थडगं आहे, याच्या आईनं केस कापले आहेत, आणि यानं मेलेल्यांचं अन्न खाल्लं आहे. असा माणूस मेलेला असतो. त्यानं देवळाची पायरी चढू नये. विहिरीवर येऊ नये. त्याला कुणी आपल्या चुलीतला विस्तव देऊ नये, सगळ्या गावाला विटाळ होईल.

मिर्तो पुढं झाली. "थडग्यात एक जुना अंगरखा आहे," म्हणाली. "चला, उकरून दाखवते."

"थडगं उकरणं पाप आहे, पोरी."

"आणि जित्या माणसाला पुरणं?"

लोकांनी आपापल्या पायांकडं पाहिलं आणि एकेक करून सगळे घरी गेले. लहानपणी ज्यांच्याबरोबर दामोन पोहायला शिकला तेही गेले. हे मिर्तोनं नीट लक्षात ठेवलं.

मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. दामोन घराच्या भिंतीला टेकून बसायचा, कारण दार बंदच होतं. पहिल्या दिवशी दुपारी मिर्तोच्या ध्यानात आलं की भिंतीची सावली आहे, तिची आहे, त्याची नाही. दुसऱ्या दिवशी तो वाळूतून चालला आणि मागं पाऊल उमटलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी मिर्तोनं त्याला भाकरी दिली, तर त्यानं ती नुसतीच हातात धरून ठेवली. भूकच नव्हती. तिनं विचारलं, काय होतंय तुला. तो बोलायला गेला आणि तोंडातून वटवाघळासारखी चिरचिर आली.

असं असतं बघा. सगळ्यांनी मिळून एखाद्याला मेला म्हटलं, पाणी दिलं नाही, विस्तव दिला नाही, नाव घेतलं नाही, तर देवानं काही करायची गरजच राहत नाही.

मिर्तोला तेव्हा जो राग आला, तसा तिला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि नेमका त्याच वेळी हर्मीस आला. पायांना पंख, हातात काठी, चेहरा घामेजलेला. सणाला वर येऊन मागं रेंगाळलेले जीव हाकत हाकत तो खाली नेत होता, जशी मेंढरं नेतात. दामोनजवळ तो थांबला आणि डोकं खाजवायला लागला. याला न्यायचं की ठेवायचं, हे त्यालाच कळेना. थडगं तर आहे, म्हणाला, पण हा श्वास घेतोय.

मिर्तोनं त्याच्या झग्याचं टोक घट्ट धरलं. तुला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडं मला ने, म्हणाली. हर्मीसनं सांगून पाहिलं की जिवंत माणसं तिकडं येत नाहीत. ती म्हणाली की मेलेली माणसं वर येतात, तेव्हा तुला चालतं. हर्मीसला हसू आलं. चल, म्हणाला, पण तिथं काही खाऊ नकोस आणि नदीचं पाणी पिऊ नकोस. प्यायलीस तर कशाला आलीस तेच विसरशील. दामोनला त्यानं काठीनं खूण करून भिंतीशीच बसवलं आणि सांगितलं, आज सूर्य बुडेपर्यंत तू कुणाचाच नाहीस.

मग ते एका गुहेतून खाली गेले. खाली, आणखी खाली. दारात हेडीसचा कुत्रा बसला होता, तीन तोंडांचा. तो तिन्ही तोंडांनी भुंकायला लागला. मिर्तो त्याच्यावर एकदाच खेकसली, "गप बस." तर तो बसला. हर्मीस म्हणाला, इतकी वर्षं मी याला मधाच्या वड्या खाऊ घालतोय.

ईश्वरी, झोपलीस का? बरं, ऐक मग.

आत काळ्या सिंहासनावर हेडीस बसला होता. शेजारी त्याची राणी होती, पर्सेफनी. राणी वहाणांचे बंद बांधत होती, कारण वसंत आला की ती वर जायची. तिची गोष्ट अशी की हेडीसनं तिला लहानपणी पळवून आणलं होतं. तिनं इथले डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून तिला निम्मं वर्ष इथं राहावं लागायचं, आणि निम्मं वर्ष ती आईकडं राहायची.

मिर्तोनं नमस्कारसुद्धा केला नाही. ती बोलतच सुटली. माझा भाऊ चोरलात, म्हणाली. समुद्रानं सोडला, उपासानं सोडला, उन्हानं सोडला, आणि तो घरी आल्यावर तुमच्या कायद्यानं धरला. तुम्ही कसले देव. हेडीसनं सगळं ऐकून घेतलं. त्याला ओरडणं ऐकायची सवय नव्हती, त्याच्याकडं सगळे चिरचिरतात.

मग तो म्हणाला, "मी कुणाला बोलावलं नाही. समुद्राकडं तोंड करून हाका कुणी मारल्या?"

मिर्तोला किनाऱ्यावर उभी राहिलेली आई आठवली. राग होता तिथंच होता, फक्त त्याची दिशा फिरली. हेडीसनं सांगितलं की मला भूक नाही, मी घाई करत नाही, सगळे कधी ना कधी येतातच. पण तुम्ही दिलेलं मी परत करत नाही. इथून परत जायला दार नाही.

तेव्हा राणीनं वर पाहिलं. "परत जायला नाही," म्हणाली. "पण पहिल्यांदा जायला आहे. सगळे त्याच दारानं जातात."

मिर्तोला कळेना. मग राणीनं समजावलं. ज्याला मेला म्हणून ठरवलं, त्यानं जन्माला यावं. नव्या बाळासाठी घरात जे जे करतात, ते ते त्याच्यासाठी करावं. न्हाऊ घालावं, गुंडाळावं, दूध पाजावं, कडेवर घेऊन चुलीभोवती फिरवावं, आणि नाव घेऊन हाक मारावी. आणि जिनं हाका मारून पाठवला, तिनंच हे करावं. सूर्य बुडायच्या आत.

"त्यानं मडक्यातलं खाल्लंय," मिर्तो म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"मीही डाळिंब खाल्लं होतं," राणी म्हणाली. "भूक लागली होती." मग तिनं विचारलं, "तुझ्या आईला राग नाही आला?"

"नाही. ती रडली."

"माझी आईपण रडली. पण आधी तिला राग आला. तिनं पृथ्वीवर एक कोंब उगवू दिला नाही. देव उपाशी राहायला लागले, तेव्हा मला सोडलं. नुसती रडली असती तर मी इथंच असते."

मिर्तो धावत वर आली. बाहेर पाहते तर सूर्य समुद्राला टेकायला आला होता. भिंतीशी दामोन बसला होता, पण त्याच्यातून मागचे दगड दिसायला लागले होते. मिर्तो दारावर धडका मारायला लागली. तिनं आईला सगळं सांगितलं, दाराच्या फटीला तोंड लावून, हेडीसचं आणि राणीचं.

आतून फिलीना म्हणाली, "तो मेलाय, मिर्तो. जाऊ दे त्याला."

"आई, तू त्याला एकदा बघ तरी."

"बघायचं नाही मला." आणि मग ती बोलली, "बघितलं आणि तो जिवंत निघाला, तर मी माझ्या हातानं माझं जितं पोर पुरलं, असं होईल. तो मेलेला असू दे. मेलेला मला सोसतो."

बघा, एवढंच होतं त्या दारामागं. डांबर नव्हे, देव नव्हे. मिर्तोला ते कळलं, पण तिला दया आली नाही. तिनं एक शिंपला उचलला आणि दारावरचं डांबर खरवडायला लागली. खरवडता खरवडता म्हणाली, "राणीनं मला विचारलं, तुझ्या आईला राग येत नाही का? मला लाज वाटली. मी म्हटलं, येत नाही. त्यांनी तुझा मुलगा घेतला आणि तू त्यांना दूध-मध दिलास."

आत काहीतरी फुटलं. फिलीनानं भिंतीवर गाडगं फेकलं होतं. मग दुसरं काहीतरी फुटलं. मग दार उघडलं आणि फिलीना बाहेर आली, कापलेले केस उभे राहिलेले, डोळे लाल. मिर्तो रागीट कुणावर गेली होती ते तेव्हा गावाला कळलं.

तिनं भिंतीशी बसलेल्या दामोनकडं पाहिलं. एकदाच. त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला फरफटत घरात नेलं. पाणी तापवायला वेळ नव्हता. तिनं घागरच त्याच्यावर ओतली आणि चोळायला लागली, जसं तान्ह्या बाळाला चोळतात, नाक, कान, मानेची वळी. तोंडानं पुटपुटत होती, एवढी दाढी वाढवायची असते का, मेल्या. आणि चुलीच्या उजेडात भिंतीवर दामोनची सावली उमटली.

मग दुपटं शोधलं. एवढ्या बाप्याला कुठलं दुपटं पुरणार? तिनं शिडाचं कापड घेतलं आणि त्याला गळ्यापासून पायापर्यंत करकचून गुंडाळलं. तो गरम व्हायला लागला.

मग दूध. थडग्यावर ओतायला ठेवलेलं दूध-मधाचं भांडं कोनाड्यात होतं. फिलीनानं ते बोंडल्यात घेतलं. दामोन लहान असताना याच चोचीच्या बोंडल्यानं दूध प्यायचा. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाजलं. जे दगडाला पाजत होती, ते पोराला पाजलं.

इकडं बाहेर आरडाओरडा ऐकून थेरसांद्र आला, मागं सगळं गाव. दारात मिर्तो उभी होती. तिच्या डोक्यावर दाराच्या चौकटीला तिनंच घाईनं बांधलेलं ऑलिव्हच्या फांद्यांचं कडं लटकत होतं. त्यांच्याकडं मुलगा झाला की असं कडं लावायचे.

थेरसांद्रनं विचारलं, हे काय चाललंय.

आतून फिलीनाच बोलली. "बाळंतपण चाललंय. बाळंतिणीच्या घरात बाप्यांचं काय काम? तुम्ही देवाची माणसं, तुम्हाला विटाळ होईल. मागं सरा."

थेरसांद्रनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला. नियमच होता तसा. बाळंतपणाच्या घरात पुजाऱ्यानं जायचं नाही. तो नियमाचा माणूस, उंबऱ्याबाहेरच थांबला. बायका मात्र एकेक करून आत शिरल्या, बाळंतपणात शिरतात तशा.

आता राहिलं होतं चुलीभोवती फिरवणं. फिलीना एवढीशी, दामोन एवढा मोठा. मिर्तोनं पाय धरले, आईनं डोकं धरलं, ज्या शेजारणीनं किंकाळी फोडली होती तिनं मधे धरलं, आणि तिघी धापा टाकत चुलीभोवती पळाल्या. बाहेर सूर्याची शेवटची लाल कड उरली होती. फिलीनानं हाक मारली. दामोन. परत मारली. दामोन. तिसऱ्यांदा मात्र तिचा आवाज फुटला आणि ती ओरडली, साऱ्या बेटाला ऐकू जाईल इतकी. दामोन.

आणि शिडात गुंडाळलेला तो दाढीवाला तोंड उघडून रडला. चिरचिर नाही. टॅहां टॅहां रडला, बाळ रडतं तसा. बाहेर कुणीतरी हसलं. मग बायका हसल्या, मग सगळे. थेरसांद्र हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यानं दामोनला आपल्या आधी पाणी भरू दिलं.

पुढं काय, पुढं ते तिघं बरे राहिले. त्या हिशोबानं दामोन गावातला सगळ्यात लहान माणूस झाला. शेंबडी पोरंसुद्धा त्याला बाळ म्हणायची आणि मला दादा म्हण म्हणायची. मिर्तो तर त्याची मोठी बहीण झाली आणि तिनं ते त्याला कधी विसरू दिलं नाही. थडग्याचा दगड उपटून तिनं दारात आणून टाकला आणि त्यावर कपडे धुवायला लागली. पायांकडं बघत घरी गेलेल्या माणसांशी ती फार दिवस बोलली नाही. पुढं बोलायला लागली, पण आपण होऊन नाही.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा.

पोरं झोपली. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: कालिंदीआत्या मेली का? कारण आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून बाबांनी तिच्या नावानं आंघोळ केली, आईनं तिचा फोटो उतरवला. ती इथून दोन तासांवर राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर चहा पीत बसले होते. समोर गल्लीतली चार माणसं होती. मी अंगणात उभा राहिलो. घसा कोरडा पडला होता. मी कालिंदीताई म्हणून हाक मारली. मग परत मारली, आणि तिसऱ्यांदा जितक्या मोठ्यानं मारता येईल तितक्या मोठ्यानं. बाबांच्या हातातली कपबशी तशीच राहिली. आत स्वयंपाकघरात आईच्या हातून भांडं पडलं. मी गिरणीला कुलूप लावलं, पोरांचे हात धरले आणि एसटी स्टँडकडं निघालो. मागून दार उघडल्याचा आवाज आला, आणि आई म्हणाली, "थांब, चपला घालते."